काही धर्म माणसं शोधत फिरतात, काही मागूनही दार उघडत नाहीत, हे असं का?

नोव्हेंबर 2018 ची बातमी आठवत असेल. 26 वर्षांचा एक अमेरिकन तरुण अंदमानातल्या नॉर्थ सेंटिनेल बेटावर ख्रिश्चन धर्म सांगायला गेला. तिथे जायला कायद्यानं बंदी, बेटावरचे लोक बाहेरच्या माणसाला बाणानं उत्तर देतात हे जगजाहीर, तरी मच्छीमारांना पैसे देऊन हा गेलाच, सोबत मासे, कात्री, फुटबॉल असल्या भेटवस्तू आणि एक बायबल. आधी एका पोरानं मारलेला बाण नेमका त्या बायबलमध्येच घुसला. एवढा स्पष्ट इशारा मिळूनही पठ्ठ्या परत गेला आणि मारला गेला.

तेव्हा सगळे एकच विचारत होते, वेडा होता का हा? आता याच्या अगदी उलट टोक बघा. उद्या तुम्हाला मनापासून ड्रुझ व्हावंसं वाटलं (सीरिया, लेबनॉन, इस्रायलमध्ये राहणारा समाज), त्यांचा धर्म पटला, सगळे नियम पाळायची तयारी असली, तरी ते हात जोडून सांगतील की नाही जमणार. याझिदींकडे (मुख्यतः उत्तर इराकमधला एक छोटा समाज) तेच. भारतातल्या बहुतेक पारशांकडेही तेच उत्तर मिळेल.

एक जण जीव धोक्यात घालून द्यायला जातो, दुसरा मागूनही देत नाही. यावर दोन रेडिमेड उत्तरं सगळीकडे फिरत असतात. एक, पहिले आक्रमक आणि दुसरे सहिष्णू. दोन, पहिले उदार आणि दुसरे कोत्या मनाचे. मला ही दोन्ही उत्तरं आळशी वाटतात, कारण दोन्हींत उत्तर आधीच ठरलेलं असतं आणि धर्म स्वतःला नक्की काय समजतो हे कोणी विचारतच नाही.

## आधी एक शब्द क्लिअर करू

जो धर्म नवे लोक आपणहून शोधतो त्याला अभ्यासक मिशनरी धर्म म्हणतात. मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढऱ्या झग्यातला पाद्री येतो, पण इथे अर्थ मोठा आहे. 1873 मध्ये मॅक्स म्युलर या संस्कृत आणि धर्मांच्या अभ्यासकानं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत एक व्याख्यान दिलं आणि सरळ दोन खाने पाडले, बौद्ध, ख्रिश्चन, इस्लाम हे मिशनरी, आणि ज्यू, पारशी, ब्राह्मणी धर्म (म्हणजे आज आपण हिंदू म्हणतो तो) हे बिगर-मिशनरी. पुढच्याच वर्षी भारतात नोकरी केलेला आल्फ्रेड लायल नावाचा इंग्रज अधिकारी म्हणाला की हे खाने चुकलेत. त्याच्याकडे नंतर येऊ, कारण त्याचा मुद्दा भारी आहे.

## फॉरवर्ड करायचा मेसेज की आडनाव?

समजा तुम्हाला कळलं की बिल्डिंगच्या टाकीत काहीतरी विषारी पडलंय. तुम्ही काय कराल? ग्रुपवर टाकाल, रात्री दोन वाजता लोकांच्या बेला वाजवाल, कोणी चिडलं तरी वाजवाल. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे सभ्यपणा नाही, तो गुन्हा आहे. मिशनरी धर्माच्या माणसाला आपण काय करतोय ते असंच दिसतं. तुम्हाला तो आगाऊ वाटतो, त्याला तुम्ही झोपलेले वाटता.

आता दुसरी गोष्ट, तुमचं आडनाव. त्याचा अभिमान असतो, त्यामागे घराणं असतं, पण तुम्ही दारोदार जाऊन माझं आडनाव घ्या हो असं कधी सांगता का? आणि समोरच्याचं आडनाव वेगळं आहे म्हणून त्याचं वाटोळं होणार असंही तुम्हाला वाटत नाही. तो त्याच्या घरी सुखी, आपण आपल्या.

धर्मांत ही दोन्ही रूपं आहेत. काही धर्म स्वतःला मेसेज समजतात, काही आडनाव. आणि फरक कळायचा असेल तर एकच प्रश्न विचारायचा: बाहेरच्या माणसाचं काय होणार?

ख्रिश्चन धर्माचं पारंपरिक उत्तर असं की पाप सगळ्या माणसांना चिकटलंय आणि सुटका येशूमार्फत. बायबलमधल्या मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचा शेवटच या आज्ञेनं होतो की जा, सगळ्या राष्ट्रांना शिष्य करा. इस्लाममध्येही मुहंमद हे शेवटचे प्रेषित आणि संदेश अख्ख्या मानवजातीला, म्हणून लोकांना बोलावणं (त्याला दअवा म्हणतात) हे पुण्याचं काम. कुराणात शहाणपणानं आणि चांगल्या उपदेशानं बोलवा असंही आहे आणि धर्मात जबरदस्ती नाही असंही आहे. बुद्धाचं निदान वेगळं, दुःख, पण तेही सगळ्यांचं. विनयपिटकात (भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ) प्रसंग आहे, तेव्हा जेमतेम साठ भिक्खू तयार झाले होते आणि बुद्ध त्यांना म्हणतात, बहुजनांच्या हितासाठी, सुखासाठी फिरा, आणि दोघं एका वाटेनं जाऊ नका. हे शेवटचं वाक्य मला फार आवडतं. माणसं कमी, प्रदेश मोठा, मग दोन माणसं एका रूटवर कशाला घालवायची? आजचा कुठलाही सेल्स मॅनेजर हेच सांगेल.

ज्यू धर्मात हाच प्रश्न विचारा. देवानं एका लोकसमूहाशी करार केला, त्या कराराच्या परंपरेनं मोजलेल्या 613 आज्ञा, आणि त्या त्यांच्यासाठी. बाकी जगाला फक्त सात नियम, खून करू नका, चोरी करू नका, न्यायालयं ठेवा वगैरे. हे पाळणारा परका माणूस ज्यू न होताही परलोकात वाटेकरी होतो. आता सांगा, धावपळ करून त्याला आत ओढायचं कशासाठी? उलट सात नियमांत ज्याचं भागतंय त्याच्या डोक्यावर 613 कशाला ठेवायचे!

## पण पुनर्जन्म मानणाऱ्यांना घाई कसली?

हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. एकच जन्म असेल तर डेडलाइन कडक, आज सांगितलं नाही तर गेला. पुनर्जन्म मानला की या जन्मी नाही तर पुढच्या, घाई आपोआप कमी. हिंदू धर्माच्या बाबतीत हे बऱ्यापैकी लागू पडतं. पण बौद्ध धर्म पुनर्जन्म मानूनही श्रीलंकेपासून जपानपर्यंत पोचला, म्हणजे फक्त घाई हे कारण नाही. बौद्धांच्या मागे नरकाची भीती नव्हती असं नाही, पण मूळ जोर करुणेवर होता, आणि त्यामुळे त्यांची पद्धतही सैल राहिली. जुने देव टाका अशी अट क्वचितच. जपानमध्ये आजही लहान मूल शिंतो (जपानचा जुना देशी धर्म) मंदिरात नेतात आणि मेल्यावर विधी बौद्ध भिक्षू करतो, कोणाला त्यात काही विसंगत वाटत नाही.

मी याला 'आणि'वाले धर्म आणि 'किंवा'वाले धर्म म्हणतो. 'आणि'वाला म्हणतो तुझं ते ठेव, हेही घे. प्राचीन रोमन साम्राज्यात इजिप्तच्या इसिस देवीची पूजा अशीच पसरली, व्यापारी, खलाशी, सैनिक यांच्याबरोबर, कोणाला जुना देव सोडावा लागला नाही. 'किंवा'वाला म्हणतो हे घ्यायचं तर ते सोड. ख्रिश्चन आणि इस्लाम 'किंवा'वाले. धर्मांतर या शब्दाला जी धार आहे, घरात जी रडारड होते, ती या 'किंवा'मुळे. आधीचं काही सुटलंच नाही तर कोण कशाला रडेल?

## सांगायला मोकळी माणसं लागतात

तत्त्वज्ञान कितीही वैश्विक असू दे, ते घेऊन चालणार कोण? याकडे फार कमी लोकांचं लक्ष जातं.

बौद्ध भिक्खूला बायकापोरं नाहीत, शेत नाही, पावसाळा सोडला तर एका जागी राहायचं नाही हाच नियम. जेझुइटांचं (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) साधारण तेच. सूफी फकीर बरेचदा लग्न झालेले असत, पण फिरते. मॉर्मन पंथात आजही तरुण मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष घरदार सोडून मिशनवर जातात. आता याच्या समोर ज्याचं पोट ठरावीक घरांच्या पूजाअर्चेवर, लग्नामुंजींवर चालतं आणि जी घरं बापाकडून मुलाकडे वारशानं येतात असा भटजी ठेवून बघा. त्यानं सगळं सोडून समुद्रापलीकडे अनोळखी लोकांना धर्म सांगायला कशाला जावं? त्याचा धंदाच (वाईट अर्थानं म्हणत नाही) ओळखीच्या घरांचा आहे.

याचा पुरावा ख्रिश्चन धर्माच्या आतच सापडतो. प्रोटेस्टंट सुधारणा 1517 ला सुरू झाली, पुस्तक तेच, मॅथ्यूची आज्ञा तीच, पण त्यांनी मठ बंद केले, म्हणजे फिरती फौजच मोडली. नंतरची जवळजवळ दोन शतकं त्यांचं परदेशी मिशन नगण्य होतं, 1706 मध्ये दोन जर्मन तरुण तमिळनाडूतल्या तरंगमबाडीला उतरले तेव्हा कुठे खातं उघडलं. तोवर कॅथलिक जपान, चीन, ब्राझील फिरून आले होते.

## भाषांतराची गंमत

मेसेज पाठवायचा तर समोरच्याच्या भाषेत पाठवावा लागतो. बुद्धांनी लोकांच्या बोलीत शिकवायला मुभा दिली, बायबल आज सातशेहून जास्त भाषांत पूर्ण मिळतं, आणि तारीख छापलेलं सर्वांत जुनं छापील पुस्तक म्हणजे चिनी भाषांतरातलं एक बौद्ध सूत्र, 868 सालचं, एका मुलानं आईवडिलांच्या नावानं वाटायला छापून घेतलेलं.

पण भाषांतरात घोळ होतो, आणि सगळ्यात मोठा घोळ फ्रान्सिस झेवियर या जेझुइट मिशनऱ्यानं केला. तो 1549 मध्ये जपानला कागोशिमात उतरला. जपानी येत नव्हतं, सोबत अंजिरो नावाचा धर्मांतरित जपानी दुभाषा. 'देव' याला जपानीत काय म्हणायचं? अंजिरो म्हणाला, दाइनिची. झेवियर गावोगाव सांगत सुटला, दाइनिचीला भजा! बौद्ध भिक्षू खूश. का खूश? कारण दाइनिची म्हणजे वैरोचन बुद्ध, शिंगोन पंथाचं मुख्य दैवत. त्यांना वाटलं लांबून कोणीतरी आपलाच बंधू आलाय, नुसता उच्चार जरा वेगळा आहे. म्हणजे इतक्या समुद्रापलीकडून येऊन हा माणूस जपान्यांना त्यांचाच धर्म सांगत होता. दोनेक वर्षांनी लक्षात आलं तेव्हा घाईघाईनं उलटं सांगायला लागला, दाइनिचीला भजू नका! मग लॅटिनमधला 'देउस' शब्द जसाच्या तसा वापरला, तर विरोधकांनी त्याचं केलं 'दाइ उसो', जपानीत अर्थ 'मोठ्ठं खोटं'.

इथे कोणी म्हणेल की इस्लामनं तर नमाज अरबीतच ठेवली, कुराणाचं भाषांतर हे कुराण मानत नाहीत, तरी तो पसरलाच की. बरोबर आहे. पण तिथे आत यायची पायरी इतकी सोपी आहे की भाषांतराचं ओझंच पडत नाही. मनापासून एक वाक्य म्हणायचं, झालं. ख्रिश्चनांचा बाप्तिस्मा, बौद्धांचं त्रिशरण हेही तसंच सुटसुटीत. ज्यू व्हायचं तर कित्येक महिने ते काही वर्षं अभ्यास, तिघांच्या धर्मपीठासमोर हजेरी, पुरुष असाल तर सुंता, मग विधीपूर्वक पाण्यात बुडी. साइन-अपचा फॉर्म किती पानांचा आहे यावरून मालकाला गर्दी हवी आहे की नको ते कळतं.

## दार आधीपासून बंद होतं का?

नाही. आणि मला वाटतं या सगळ्या विषयात लोकांना सर्वांत कमी माहीत असलेला भाग हाच आहे.

ज्यू धर्म बघा. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात योहान हिर्कानस या ज्यू राजानं शेजारच्या इदुमियन लोकांना जिंकून ज्यू व्हायला लावलं, हो, जबरदस्तीनं. पहिल्या शतकात अदियाबेनी (आजच्या उत्तर इराकमधलं राज्य) इथली राणी हेलेना स्वेच्छेनं ज्यू झाली. चौथ्या शतकात येमेनातल्या हिम्यर राज्याच्या राज्यकर्त्यांनी ज्यू धर्म घेतला. म्हणजे दार चांगलं उघडं होतं. मग रोमनांनी ज्यू सोडून इतरांची सुंता करण्यावर बंदी घातली, पुढे साम्राज्य ख्रिश्चन झालं आणि ख्रिश्चन माणसाला ज्यू करणं हा गुन्हा ठरला, मुस्लिम राज्यांतही इस्लाम सोडायला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. 1222 मध्ये ऑक्सफर्डला एका ख्रिश्चन डीकननं (चर्चमधला कनिष्ठ धर्माधिकारी) ज्यू बाईसाठी ज्यू धर्म घेतला, त्याला जिवंत जाळलं. अशा जगात तुमच्या दारावर कोणी येऊन म्हणालं की मला आत घ्या, तर तुम्ही आधी खिडकीतून बाहेर कोण उभं आहे ते बघाल. शे-दोनशे वर्षं हे असं चाललं की सावधगिरीची सवय होते, आणि आणखी काही शतकं गेली की सवयीचं तत्त्व होतं: आम्ही धर्मांतर करत नाही, आमची परंपराच तशी.

ड्रुझांची गोष्ट तर आणखी ठसठशीत. 1017 च्या सुमाराला इजिप्तच्या फातिमी खलिफाच्या काळात हा पंथ निघाला तो प्रचार करतच निघाला, प्रचारक होते, पत्रं होती, सगळं होतं. छळ सुरू झाला आणि 1043 मध्ये त्यांनी दार बंद केलं. म्हणजे पंचवीसेक वर्षं उघडं आणि पुढे हजार वर्षं बंद! आणि श्रद्धाही त्याला बरोबर जुळणारी, ड्रुझ मेला की आत्मा लगेच दुसऱ्या ड्रुझ बाळात जन्मतो, त्यामुळे बाहेरून भरती करायचा प्रश्नच नाही.

पारशांच्या बाबतीत आपण सगळे समजतो की ते पहिल्यापासून असेच. पण त्यांचा झरथुष्ट्री धर्म इराणात राजधर्म होता तेव्हा त्या राजांनी आर्मेनियाच्या ख्रिश्चनांना धर्म बदलायला लावायचा प्रयत्न केला आणि 451 मध्ये त्यावरून अवारायरची लढाई झाली. भारतात आल्यावर राजाला धर्मांतर न करण्याचं वचन दिलं अशी समजूत आहे, पण सुमारे 1600 साली लिहिलेल्या 'किस्सा-ए-संजान' या त्यांच्याच पद्यकथेत ज्या अटी आहेत त्या भाषा, बायकांचा पोशाख, शस्त्रं आणि लग्नाची वेळ अशा आहेत, धर्मांतराची अट त्यात नाही.

मग गाठ कुठे बसली? कोर्टात. आर. डी. टाटांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच मुलीशी लग्न केलं (जेआरडींची आई), तिची नवजोत (पारशी धर्मात घ्यायचा विधी) झाली, लग्न पारशी पद्धतीनं लागलं. मग वाद पेटला की तिला अग्यारीत जायचा आणि मेल्यावर दखम्याचा (पारशी जिथे मृतदेह ठेवतात ती जागा) हक्क आहे की नाही. 1908 मध्ये मुंबई हायकोर्टात दावर आणि बीमन या न्यायमूर्तींनी निकाल दिला, आणि त्यातली मेख अशी की धर्म म्हणून बाहेरच्याला घ्यायला मनाई नाही, पण इथल्या पारशांमध्ये तशी प्रथा नाही, आणि पंचायतीचे ट्रस्ट, इमारती, निधी हे पारशी समाजासाठी ठेवलेले आहेत, 'पारशी' हा शब्द वंशाचा आहे, नुसत्या श्रद्धेचा नाही. बाप पारशी असेल तर मुलं चालतील, पण बाहेरून धर्म घेऊन आलेल्याला ट्रस्टचा लाभ नाही.

म्हणजे बघा, वादाच्या मुळाशी श्रद्धेइतकीच प्रॉपर्टी होती. एकत्र कुटुंबाच्या जमिनीसारखं, वारस वाढला की हिस्सा वाटला जातो. मेसेजचं असं होत नाही, तो हजार जणांना दिला तरी आपल्याकडचा कमी होत नाही.

## राजाला तरी धर्मांतर हवंच असतं का?

आपल्याला वाटतं मिशनरी धर्माचा राजा आला की तो सगळ्यांना बाटवत सुटणार. हिशोब इतका सरळ नाही. सुरुवातीच्या अरब साम्राज्यात बिगर-मुस्लिमांकडून जिझिया घ्यायचे, मग जेवढे मुस्लिम होतील तेवढा खजिना कमी. इराकचा सुभेदार हज्जाजनं तर मुस्लिम होऊन शहरात आलेल्या शेतकऱ्यांना हाकलून परत गावी पाठवलं, कर भरा म्हणून! पुढे खलिफा दुसरा उमर (717 ते 720) म्हणाला की मुस्लिम झालेल्याकडून जिझिया घ्यायचा नाही. खुरासानच्या सुभेदारानं शंका काढली, हे लोक कर चुकवायला येतायत, सुंता केली आहे का ते तपासू का? जुन्या इतिहासग्रंथात उमरचं उत्तर दिलंय की देवानं प्रेषिताला लोकांना बोलवायला पाठवलं, सुंता करायला नाही.

ईस्ट इंडिया कंपनीनंही तेच केलं, धंद्यात गडबड नको म्हणून मिशनऱ्यांना आपल्या मुलखात फिरकू देत नसे. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याला बंगालमधल्या, पण डेन्मार्कच्या ताब्यातल्या सेरामपूरचा आसरा घ्यावा लागला. कंपनीचं दार 1813 च्या चार्टर कायद्यानं किलकिलं झालं, तेही लंडनहून दबाव आला म्हणून.

## हिंदू धर्म नक्की कुठल्या खान्यात?

आता लायलकडे येऊ. त्याचं म्हणणं होतं की ब्राह्मणी धर्म मिशनरी नाही हे कागदावर, प्रत्यक्षात जंगलातल्या, डोंगरातल्या जमाती वर्षानुवर्षं त्यात येतच आहेत, फक्त त्याला कोणी धर्मांतर म्हणत नाही. एखाद्या टोळीचा मुखिया श्रीमंत होतो, ब्राह्मण बोलावतो, टोळीचा देव शंकराचं किंवा विष्णूचं रूप ठरतो, वंशावळ तयार होते, आणि दोन-तीन पिढ्यांनी ती टोळी म्हणजे एक जात झालेली असते. एकट्या माणसानं दार ठोठावलं तर प्रश्न येतो की घेऊ, पण कुठल्या जातीत? अख्खा गाव आला तर तो स्वतःची जात घेऊनच येतो, प्रश्न मिटला.

समुद्रापार असंच झालं. बोर्निओत कुताई इथे साधारण 400 सालचे संस्कृत शिलालेख आहेत, मूलवर्मन राजानं ब्राह्मणांना दान दिल्याचे. आणि मध्य प्रदेशात विदिशाजवळ ग्रीक राजदूत हेलिओडोरसनं उभारलेला गरुडस्तंभ आहे, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या शेवटचा, त्यात तो स्वतःला भागवत म्हणवतो. त्याला कोणी जात विचारली की नाही याची काही नोंद नाही.

आधुनिक काळात चित्र आणखी गुंतागुंतीचं झालं. आर्य समाजानं शुद्धी (इतर धर्मांत गेलेल्यांना परत हिंदू करून घेणं) सुरू केली ती उघडउघड मिशनऱ्यांना उत्तर म्हणून. विवेकानंदांनी 1893 मध्ये शिकागोच्या समारोपाच्या भाषणात सांगितलं की ख्रिश्चनानं हिंदू व्हावं असं मला मुळीच वाटत नाही, आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कला वेदान्त सोसायटी निघाली. यात मला दुटप्पीपणा वाटत नाही, ते 'आणि'वालेच होते, पण लोकांपर्यंत पोचायचं मिशन त्यांनाही हवं होतं. 1966 मध्ये न्यूयॉर्कलाच इस्कॉन स्थापन झालं, रस्त्यात उभं राहून पुस्तकं वाटणं वगैरे, म्हणजे पक्कं मिशनरी. इंडोनेशियात तर सरकारनं मोजकेच धर्म मान्य केल्यामुळे बोर्निओतल्या दयाक लोकांचा काहारिंगन हा धर्म 1980 मध्ये कागदोपत्री हिंदू झाला. कोणी प्रचार केला? खरं सांगायचं तर फॉर्मवरच्या रकान्यानं केला.

## "हे सगळं तलवार आणि आमिष, बाकी काही नाही"

ही कमेंट येणारच, म्हणून आधीच. तलवार होती, नाकारण्यात अर्थ नाही. आठव्या शतकाच्या शेवटी शार्लमेन या फ्रँक राजानं जिंकलेल्या सॅक्सन लोकांसाठी कायदाच केला की बाप्तिस्मा नाकारला तर मृत्युदंड, आणि त्याच्याच दरबारच्या अल्क्विन या विद्वानानं त्याला कळवलं की श्रद्धा अशी लादता येत नाही.

पण फक्त तलवारीनं हिशोब लागत नाही. ख्रिश्चनांची पहिली तीनशे वर्षं तर उलटी, तलवार त्यांच्यावर होती. समाजशास्त्रज्ञ रॉडनी स्टार्क यांनी साधं गणित मांडलं होतं: सन 40 मध्ये हजार ख्रिश्चन धरा, दर दहा वर्षांना 40 टक्के वाढ धरा, म्हणजे शंभर माणसांच्या गटात वर्षाला तीन-चार नवीन, तर 300 साली साठ लाखांवर आकडा जातो. चमत्कार नको, सामूहिक बाप्तिस्मे नकोत, चक्रवाढ व्याज पुरतं. इंडोनेशियात आज जगातल्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्यांपैकी एक आहे आणि तिथे कुठलीही अरब फौज उतरली नव्हती, व्यापारी उतरले होते, मग बंदरांचे राजे मुस्लिम झाले आणि त्या राजांनी पुढे आपापसात ज्या लढाया करायच्या त्या केल्याच.

आमिषाचं म्हणाल तर कुठलाही मोठा निर्णय एकाच कारणानं घेतलेला मी तरी पाहिला नाही. लग्न, मैत्री, आजारपणात धावून आलेला शेजारी, वरच्याशी बरोबरी, नोकरी, खरीखुरी श्रद्धा, सगळं मिसळलेलं असतं. आणि प्रत्येक वेळी बाहेरचा प्रचारकच लागतो असंही नाही. डॉ. आंबेडकरांनी 1935 मध्ये हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं, मग एकवीस वर्षं धर्म तपासले आणि 1956 मध्ये लाखो लोकांसह बौद्ध धम्म घेतला. इथे धर्म माणसाला शोधत आला नाही, माणसानं धर्म शोधला. आमिष हा शब्द तिथे लावून बघा, बसतच नाही.

## दार बंद ठेवलं तर धर्म संपतो का?

आकडे आधी. आज जगात ख्रिश्चन दोन अब्जांच्या वर, मुस्लिम दोन अब्जांच्या आसपास, आणि ज्यू दीड कोटीच्या घरात. भारतातले पारशी 2001 च्या जनगणनेत 69,601 होते, 2011 मध्ये 57,264. हे बघून निष्कर्ष सोपा वाटतो.

पण अमेरिकेतले दोन ख्रिश्चन पंथ शेजारी ठेवा. शेकर पंथात ब्रह्मचर्य सक्तीचं, म्हणजे मुलं नाहीतच, वाढ फक्त नव्या लोकांतून. एकोणिसाव्या शतकात ते हजारोंनी होते, आज मेन राज्यातल्या एका गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. आमिश पंथ कोणाला आत बोलवायला जात नाही, घोडागाडीत फिरतो, पण घरात सहा-सात मुलं आणि त्यातली बहुतेक पंथातच राहतात. 1900 च्या सुमाराला पाच हजार होते, आता साडेतीन लाखांच्या पुढे. म्हणजे दार उघडं की बंद यापेक्षा पाळणा हलतोय का आणि मुलं टिकतायत का, हे आधी विचारायचं. पारशांची अडचण बंद दाराइतकीच उशिरा लग्नं, कमी मुलं आणि बाहेर लग्न केलेल्या मुलींच्या मुलांना न घेणं ही आहे. त्यांच्यात यावर जोरदार भांडणं चालू असतात, आणि भांडणारे दोघंही म्हणतात की आम्ही समाज वाचवतोय.

## मग बंद दारातून कोणीच आत जात नाही?

जातात. ड्रुझांकडे नाही, पण ज्यूंकडे आजही जातात. रब्बीनं (ज्यू धर्मगुरू) आधी नकार द्यायचा अशी जुनी रीत आहे, काही ठिकाणी तीनदा. तालमुदमध्ये (ज्यूंचा जुना धर्मचर्चेचा ग्रंथ) यासाठी संवादच दिलाय. कोणी ज्यू व्हायला आलं की त्याला विचारायचं, तू असं काय पाहिलंस म्हणून आलास? आमचे लोक आज छळले जातायत, हाकलले जातायत, त्यांच्यावर संकटांमागून संकटं येतायत, हे तुला माहीत नाही का?

म्हणजे ज्यात आपला माल किती वाईट आहे हे आधी सांगतात असा हा सेल्स पिच. आणि समोरचा जर म्हणाला की माहीत आहे, आणि त्यांच्यात यायची माझी लायकीही नाही, तर तालमुद सांगतं, त्याला ताबडतोब आत घ्या.